अठराव्या बॅटरीच्या गोलंदाजाचा दगड

२९ मे २०२३. मेमोरियल डे, म्हणजे युद्धांत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा अमेरिकेतला दिवस. शेजारच्या आजींना घेऊन मी त्यांच्या माहेरच्या गावच्या दफनभूमीत गेले, तेव्हा माझं काम फक्त गाडी चालवायचं होतं. आजी ८४ वर्षांच्या, मुलगा लांब टेक्सासमध्ये, गुडघे बोलायला लागलेले. आम्ही इंडियानापोलिसला राहायला आलो तेव्हापासून माझ्या पोरांच्या लोकरीच्या टोप्या त्याच विणतात. वर्षातून एकदा तासभर गाडी चालवणं म्हणजे काही उपकार नव्हेत.

मक्याच्या शेतांमधला एक उंचवटा, त्यावर चाळीस-पन्नास जुने दगड आणि एक भलंमोठं ओकचं झाड. आई-वडिलांच्या कबरींवर फुलं ठेवून झाल्यावर आजी कुंपणालगतच्या मोकळ्या जागेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे दगड नव्हता. गवतात एक तिरकी झालेली धातूची चांदणी होती, झेंडा खोचायच्या नळीची. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५, उत्तर विरुद्ध दक्षिण) लढलेल्या उत्तरेकडच्या माजी सैनिकांच्या संघटनेची खूण. "इथे माझे पणजोबा आहेत. तोफेवर होते. दगड कधी लागलाच नाही," आजी म्हणाल्या आणि गाडीकडे वळल्या.

तिथून दगड उभा राहीपर्यंत जवळजवळ तेरा महिने लागले. वाटेत मी बऱ्याच चुका केल्या, काही पैसे वाया घालवले. कुणाला असं काम करायचं असेल तर निदान त्याच चुका होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. पणजोबांचं नाव लिहीत नाही, आजींनी नको म्हटलं.

तुकडीचं नाव आजींना पाठ होतं: अठरावी इंडियाना बॅटरी. बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी. घरी येऊन शोधलं तर पहिलंच नाव ओळखीचं निघालं. कॅप्टन एलाय लिली. होय, तोच. इन्सुलिन पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बाजारात आणणाऱ्या कंपनीचा संस्थापक. या शहरात मराठी माणसं जमली की चारातला एक जण तरी त्या कंपनीत असतो. लिली मुळात औषधांच्या दुकानातला माणूस. १८६२ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यानं शहरभर पत्रकं लावून दीडशेच्या आसपास माणसं गोळा केली, ऑगस्टमध्ये बॅटरी सैन्यात दाखल झाली. कंपनी काढली ती चौदा वर्षांनी, १८७६ मध्ये.

तुकडीच्या माहितीतल्या 'व्हॉलंटियर' या शब्दानं मी सुरुवातीला फसले. मला वाटलं, हौशी लोक, फावल्या वेळात लढणारे. तसं नव्हतं. कायमचं सैन्य तेव्हा अगदी लहान होतं. बहुतेक सगळं युद्ध लढलं ते राज्याराज्यांनी उभ्या केलेल्या अशा स्वयंसेवक तुकड्यांनी. तीन वर्षांचा करार, महिना तेरा डॉलर पगार.

वडिलांना रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगितलं. बाबा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, शेवटची पोस्टिंग देवळालीच्या आर्टिलरी स्कूलला, आणि नंतर आम्ही नाशिकलाच राहिलो. मी म्हटलं, "बाबा, एका गोलंदाजाची कबर सापडलीय."

"बुमराहची?"

गोलंदाज हा शब्द मुळात तोफेवरच्या माणसाचा, क्रिकेटवाल्यांनी तो नंतर पळवला, हे मला बाबांनीच शिकवलेलं. त्यामुळे मुद्दाम केलेला विनोद. पण त्यानंतर दर रविवारी पहिला प्रश्न तोच: "तुझ्या माणसाचं काय झालं?"

आता कागद. अमेरिकेचं सरकार माजी सैनिकांच्या बिनदगडाच्या कबरींना फुकट दगड देतं. १८७३ मध्ये ही सोय राष्ट्रीय दफनभूम्यांपुरती होती, १८७९ पासून खासगी दफनभूमीतल्या कबरींनाही लागू झाली. फॉर्मचा नंबर ४०-१३३०. मला वाटलं होतं, अर्ज नात्यातल्याच माणसानं करावा लागेल, आणि आजींना त्या भानगडीत पाडायचं नव्हतं. पण ६ एप्रिल १९१७ पूर्वी ज्याची सेवा संपली, त्याच्यासाठी कुणीही अर्ज करू शकतो. म्हणजे नाशिकची बाईसुद्धा. अटी दोन: कबरीवर आधीचा दगड नसावा आणि सैनिक असल्याचा पुरावा जोडावा. घरातली आठवण, जुना फोटो, आजीचं सांगणं, यातलं काहीही पुरावा म्हणून चालत नाही.

पुरावा असतो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. सेवेच्या कागदांसाठी एनएटीएफ ८६ नावाची मागणी, ३० डॉलर. पेन्शनची पूर्ण फाइल हवी तर एनएटीएफ ८५, शंभर पानांपर्यंत ८० डॉलर, त्यापुढे दर पानाला ७० सेंट. दोन्ही घरबसल्या मागवता येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ८६ भरला. नाव, राज्य इंडियाना, तुकडी '१८'. पैसे भरले आणि विसरून गेले.

अकरा आठवड्यांनी पाकीट आलं. उघडलं, वाचलं, खूश झाले, आजींना दाखवायला गेले. आजींनी चष्मा लावून पहिलंच पान पाहिलं आणि म्हणाल्या, हा आमचा नव्हे, हा तर पायदळातला आहे.

अठरावी इंडियाना बॅटरी वेगळी आणि अठरावी इंडियाना रेजिमेंट वेगळी. रेजिमेंट पायदळाची. दोन्हींत त्याच नावाचा एकेक माणूस होता. चूक सर्वस्वी माझी: कुठलं दल हे मी लिहिलंच नव्हतं. तेव्हा पहिली सूचना: 'लाइट आर्टिलरी, १८ वी इंडिपेंडंट बॅटरी' असं पूर्ण लिहा. दुसरी: आधी पेन्शनची सूची पाहा. तिचा एक प्रकार नावांनुसार लावलेला आहे, दुसरा तुकड्यांनुसार. तुकडीनुसार सूचीत बॅटरी काढली तर तिच्यातले पेन्शन मागणारे सगळे एकाच जागी भेटतात आणि फाइलचा नंबरही मिळतो. आमच्या वाचनालयात वंशावळीच्या सशुल्क साइट फुकट बघता येतात. हे मला तीस डॉलर घालवल्यानंतर तिथल्या बाईंनी सांगितलं.

ऑगस्टच्या शेवटी दोन्ही फॉर्म पुन्हा पाठवले. ११० डॉलर.

वाट बघायच्या काळात मी बॅटरीच्या मागे लागले. राज्याच्या अ‍ॅडज्युटंट जनरलनं, म्हणजे फौजेची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानं, युद्धानंतर छापलेले आठ खंड नेटवर आहेत, त्यांत बॅटरीतल्या प्रत्येक माणसाचं नाव मिळतं. केंद्र सरकारनं छापलेले दोन्ही बाजूंचे लष्करी अहवाल १२८ पुस्तकांचे आहेत. तेही फुकट. त्यांत लिलीचं नाव टाकून शोधत बसले की रात्रीचे दोन कधी वाजले कळायचं नाही.

लिलीकडे सहा तोफा होत्या, तीन इंच तोंडाच्या, ऑर्डनन्स रायफल जातीच्या. घडीव लोखंडाची नळी, आतून आटे पाडलेली, वजन आठशे पाउंडांवर. एक पाउंड दारूत साडेनऊ-दहा पाउंडांचा गोळा मैलभर सहज जायचा. प्रत्येक तोफेला सहा घोडे, तिच्या दारूगोळ्याच्या गाड्याला आणखी सहा. बॅटरी जोडली होती कर्नल जॉन वाइल्डरच्या ब्रिगेडला. हे पायदळच, पण वाइल्डरनं त्यांना घोड्यांवर चढवलं आणि सात गोळ्यांची स्पेन्सर बंदूक मिळवून दिली. सरकार देईना, तेव्हा शिपायांनी स्वतः पस्तीस-पस्तीस डॉलरच्या कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. तेरा डॉलर पगारात! पुढे सरकारनं किंमत भरली, हे त्यांचं नशीब. २४ जून १८६३ ला टेनेसीत हूव्हर्स गॅप ही खिंड त्यांनी धो धो पावसात इतक्या वेगानं घेतली की ब्रिगेडचं नाव 'लाइटनिंग' पडलं.

ऑक्टोबरात पोरांना शाळेची सुट्टी होती. नवरा म्हणाला, स्मोकी माउंटन्सला जाऊ. मी म्हटलं, जाऊ, पण वाटेत चॅटनूगा. वाट थोडी वाकडी करून घेतली. सात तास गाडी.

चॅटनूगा शहरावर २१ ऑगस्ट १८६३ ला नदीपलीकडच्या स्ट्रिंजर्स रिजवरून याच बॅटरीनं गोळे टाकले. दक्षिणेच्या अध्यक्षांनी तो उपासाचा आणि प्रार्थनेचा दिवस ठरवला होता. माणसं चर्चमध्ये बसलेली असताना गोळे पडायला लागले. नदीतली एक आगबोट बुडाली. खरा हल्ला दुसरीकडून नदी ओलांडून व्हायचा होता, ही नुसती हूल, आणि ती लागू पडली. त्या टेकडीच्या वाटेनं चालताना माझा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, "म्हणजे आजींचे पणजोबा चर्चवर तोफ मारत होते?" मी म्हटलं, "शहरावर." त्याला त्यानं काही समाधान झालं नाही. मलाही नाही.

तिथून पंधरा-वीस मिनिटांवर चिकामॉगा. रणांगण १८९० पासून राष्ट्रीय उद्यान आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. वाइल्डरच्या ब्रिगेडचा ८५ फुटी दगडी मनोरा लांबून दिसतो. आम्ही गेलो विनियार्डच्या शेतात. १९ सप्टेंबर १८६३ ला दुपारी दक्षिणेचे शिपाई इथल्या एका ओहोळाच्या चरात आडोशाला शिरले. लिलीनं तोफा अशा बाजूला नेऊन लावल्या की चराची लांबीच्या लांबी तोंडासमोर आली, आणि कॅनिस्टर सोडले, म्हणजे लोखंडी गोळ्या भरलेले पत्र्याचे डबे. अशी माणसं मारणं जिवावर आलं, गोळीबार थांबवावा असं वाटून गेलं, असं वाइल्डरनं पुढे लिहून ठेवलंय. आता तिथे कापलेलं गवत आहे, साधा उतार आहे, आणि एक माणूस कुत्रं फिरवत होता. दोन्ही बाजू मिळून चिकामॉगाला चौतीस हजारांच्या आसपास मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मी जिथे उभी होते, तिथला हिशोब कुणी वेगळा ठेवला असेल असं वाटत नाही.

नोव्हेंबरात सेवेचे कागद आले. या वेळी बरोबर माणसाचे.

हे कागद म्हणजे मूळ हजेरीपट नव्हेत. मूळ पट हाताळून हाताळून फाटायला लागले, तेव्हा १८८०-९० च्या दशकांत कारकुनांनी प्रत्येक नोंद एकेका कार्डावर उतरवून काढली. हजेरी दोन महिन्यांनी एकदा, म्हणून कार्डंही दोन-दोन महिन्यांची. पहिल्यावर वय २१, उंची, डोळे निळे, धंदा शेती. भरतीच्या बक्षिसापैकी २५ डॉलर दिले, ७५ देणे. पुढच्या कार्डावर: हजर. त्याच्या पुढच्यावर: हजर. मी 'सप्टेंबर-ऑक्टोबर १८६३' शोधलं. विनियार्डचं शेत, तो चर, सगळं त्या दोन महिन्यांत. कार्डावर एकच शब्द: हजर. १८६४ च्या एका कार्डावर जरा जास्त मजकूर आहे, घोड्याचा खरारा हरवला म्हणून पगारातून काही सेंट कापले त्याचा.

बाबा हसले. "सगळ्या फौजा सारख्याच. माणूस मेला तर चालेल, खरारा हरवता कामा नये."

लिली १८६३ नंतर बॅटरी सोडून घोडदळात गेला. मग कॅप्टन मोझेस बेक. १८६४ च्या जुलैत अटलांटाजवळ ब्राउन्स मिलला घोडदळाची मोहीम फसली, तोफा सोडून पळावं लागलं. शेवटची लढाई १६ एप्रिल १८६५ ला जॉर्जियातल्या वेस्ट पॉइंट गावी, फोर्ट टायलरवर. दक्षिणेचा सेनापती ली शरण आला होता ९ तारखेला. त्यानंतर सात दिवसांनीही ही माणसं मातीच्या गढीवर गोळे टाकत होती. त्या कार्डावरही हजर. जून १८६५ मध्ये बॅटरी मोडली.

पेन्शनची फाइल यायला जानेवारी २०२४ उजाडला. ९४ पानं. शंभराच्या आत, म्हणून जादा पैसे वाचले, हा माझा पहिला आनंद. पण खरा माणूस भेटला तो या फाइलमध्ये. तुम्हाला एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर पेन्शनवर घाला, सेवेच्या कागदांवर नको. (दगडासाठी मात्र सेवेचेच लागतात, ते वेगळं.)

१८९० साली कायदा बदलला. नव्वद दिवस सेवा झालेली असेल आणि अंगमेहनत होत नसेल, तर दुखणं युद्धातलंच होतं हे सिद्ध न करताही महिना सहा ते बारा डॉलर मिळायला लागले. पणजोबांनी १८९१ मध्ये अर्ज केला. तक्रार: दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, उजव्यानं जास्त. तीन डॉक्टरांच्या मंडळानं तपासलं. तेव्हा दुखणं अठरा भागांत मोजायचे. यांना मिळाले अठरापैकी सहा. बॅटरीही अठरावी, म्हणून मी ते वाक्य उगाच तीनदा वाचलं.

बॅटरीतल्या एका जुन्या सोबत्याचं प्रतिज्ञापत्र आहे. त्यात तो सांगतो की हे तोफेवर तीन नंबरला असायचे. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "आमच्यात एक नंबर म्हणजे तोफेचा हवालदार, हुकूम देणारा. तुझ्याकडचा एक नंबर काय करतो?" एक नंबर ओल्या बोळ्याच्या दांड्यानं नळी पुसतो. पाच नंबर चामड्याच्या पिशवीतून गोळा आणतो, दोन नंबर तो तोंडात ठेवतो, एक नंबर आत ठासतो. आणि हे सगळं होईतो तीन नंबरनं तोफेच्या मागच्या बाजूला उभं राहून तिच्या कानावर, म्हणजे बत्तीच्या भोकावर, चामडी टोपी घातलेला अंगठा दाबून धरायचा. भोक उघडं राहिलं तर हवा शिरते, आतली विझत आलेली ठिणगी फुलते, आणि ठासणाऱ्याचे हात जातात. अंगठा भाजला तरी उचलायचा नाही. मग दारूची पिशवी सुईनं टोचायची, चार नंबर चाप लावून दोरी ओढतो.

हे सांगून झाल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं नेट गेलं.

"कानावर अंगठा तोफेच्या. स्वतःच्या कानावर कुणाचा?" ते म्हणाले.

बाबांना डाव्या कानानं निम्मं ऐकू येतं. आम्ही लहानपणापासून त्यांच्या उजव्या बाजूला बसतो. त्याचे कागद त्यांनी कधीच केले नाहीत. आई मागे लागायची, तर म्हणायचे, तोफखान्यातल्या कुणाला नीट ऐकू येतं?

फेब्रुवारीत ४०-१३३० भरायला घेतला. मरणाचं साल (१९११) मृत्यूच्या दाखल्यावरून मिळालं. इंडियानात राज्य पातळीवरचे दाखले १८९९ पासूनचे आहेत. कबर कुठली, हे टाउनशिप ट्रस्टीच्या कार्यालयातल्या जुन्या वहीवरून. टाउनशिप ट्रस्टी म्हणजे साधारण आपला सरपंच समजा. या राज्यात वाली नसलेल्या जुन्या दफनभूम्यांची देखभाल कायद्यानं त्याच्याकडे असते. ट्रस्टीबाई गुरुवारी दोन तासच भेटतात, हे मला दोन चकरांनंतर कळलं. आधी फोन करा. आणि खाली जुना दगड गाडला गेलाय का म्हणून परवानगीशिवाय जमिनीत सळई खुपसू नका.

फॉर्मवर सह्या तीन ठिकाणी: अर्जदाराची, दफनभूमीच्या जबाबदार माणसाची, आणि दगड ताब्यात घेणाऱ्याची. तिसरा रकाना मी माझ्या घरचा पत्ता घालून भरला. चार आठवड्यांनी अर्ज परत. २३० पाउंडांचा, म्हणजे शंभर किलोंवरचा संगमरवर घरी पोचवत नाहीत. दिवसा माल उतरवून घेणारी धंद्याची जागा लागते. तालुक्याच्या गावातल्या एका कबरीच्या दगडांच्या कारागिरानं त्याचा पत्ता वापरू दिला, सहीही केली, आणि बसवायचे २२५ डॉलर सांगितले. दगड फुकट, पाठवणं फुकट, पण खासगी दफनभूमीत बसवण्याचा खर्च आपला. आजींनी मला तो देऊ दिला नाही.

दगडाचा नमुना निवडताना 'यादवी युद्ध' प्रकार मागा. वर कमान, आत खोदलेली ढाल, ढालीत उठावाची अक्षरं. दक्षिणेच्या शिपायांचे दगड वरून टोकदार असतात. (त्यावर उत्तरेवाल्यांनी बसू नये म्हणून, असं तिकडे गमतीनं सांगतात.) मजकुरात नाव आणि तुकडी. मी 'लाइट आर्टिलरी' चारदा तपासलं, पायदळाचा धडा शिकले होते.

एप्रिलमध्ये मंजुरी. मेच्या शेवटी कारागिराचा फोन, दगड आला म्हणून. मेमोरियल डे हुकला. आजी म्हणाल्या, एकशे बारा वर्षं थांबले, महिनाभरानं काय होतंय.

शुक्रवारी, २१ जून २०२४ ला आम्ही गेलो. ट्रस्टीबाईंनी पाठवलेला माणूस आणि कारागीर, दोघांनी खड्डा घेतला. बेचाळीस इंचांच्या दगडातला जवळजवळ निम्मा मातीत जातो, सभोवती खडी ठासतात. उन्हात तासाभराचं काम. ती तिरकी चांदणी त्यांनी सरळ करून शेजारी रोवली. आजी घडीच्या खुर्चीत छत्री घेऊन बसल्या होत्या. अक्षरांवरून हात फिरवायला उठल्या नाहीत की रडल्या नाहीत, कारागिराला लिंबू सरबत हवंय का एवढंच विचारत होत्या.

नाशकात रात्रीचे दहा वाजून गेलेले. बाबा व्हिडिओवर, चष्मा कपाळावर. मी फोन दगडासमोर धरला.

"ओळंब्यात आहे का?"

"आहे, बाबा."

"काय?"

कारागिरानं पाणसळ दगडाच्या बाजूला लावून दाखवली. बुडबुडा मधोमध होता. मी फोन त्याच्या अगदी जवळ नेला आणि ओरडले, "आहे! सरळ आहे!"

"हां," बाबा म्हणाले, आणि फोन उजव्या कानाला लावला.